जोत्याखालचे रबर : सॉल्ट लेक सिटीतील एका दगडी वास्तूची भूकंप-परीक्षा

दगडविटांच्या जुन्या इमारतीला भूकंपात तिचे स्वतःचे वजन आणि ताठपणाच घातक ठरतो. अशा भिंती वरून येणारा भार सहज पेलतात, परंतु जमीन आडवी हलू लागली की त्यांना ताण सोसत नाही आणि सांधे उकलू लागतात. भिंतींना आतून सळ्या व काँक्रीटचे अस्तर देणे हा यावरचा रूढ उपाय असला, तरी ज्या कोरीवकामासाठी वास्तू जपायची, तेच त्यात झाकले किंवा उखडले जाते.

अमेरिकेतील युटा राज्याच्या राजधानीत, सॉल्ट लेक सिटीत, हा पेच वेगळ्या रीतीने सोडवण्यात आला. तेथील सिटी अँड काउंटी बिल्डिंग ही १८९४ साली पूर्ण झालेली, वालुकाश्माची आणि उंच मनोऱ्याची वास्तू आहे. इमारत व पाया यांच्यामध्ये लवचीक थर घालून जमिनीचे हादरे वर पोहोचू न देण्याच्या पद्धतीला आधार-विलगीकरण म्हणतात, आणि १९८९ साली पुरे झालेल्या कामानंतर या पद्धतीने सुरक्षित केलेली ही जगातील पहिली ऐतिहासिक वास्तू ठरली. भिंतींच्या दोन्ही अंगांना काँक्रीटच्या तुळया जोडून भार त्यांच्यावर घेण्यात आला, भिंती पायापासून कापून अलग करण्यात आल्या आणि मधल्या जागेत चारशेहून अधिक आधार बसवण्यात आले. रबर व पोलादी पत्र्यांचे थर आलटूनपालटून चिकटवलेला असा आधार पत्र्यांमुळे भाराखाली फुगत नाही आणि रबरामुळे आडवा सरकू शकतो. त्यांपैकी अनेकांच्या मधोमध शिशाचा गाभा आहे. न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन यांनी १९७०च्या दशकात शोधलेल्या या रचनेत शिसे वाकताना कंपनाची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जिरवते. परिणामी इमारतीचा झोका संथ होतो आणि जमिनीच्या जलद थरथरीशी तिचा मेळ बसत नाही.

१८ मार्च २०२० रोजी शहराच्या पश्चिमेस मॅग्नाजवळ ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला. मॅग्नामधील जुन्या विटांच्या इमारतींचे कठडे ढासळले आणि शहरातील मॉर्मन मंदिराच्या शिखरावरील देवदूताच्या हातची सोनेरी तुतारी खाली पडली. सिटी अँड काउंटी बिल्डिंगला मात्र गंभीर इजा झाली नाही. तरीही या निकालाने हुरळून जाणे योग्य नव्हे, कारण वाऱ्याने किंवा सौम्य हादऱ्याने इमारत डुलू नये म्हणून शिशाचे गाभे मुद्दाम ताठ ठेवलेले असतात आणि ते पूर्णपणे लवतात ते मोठ्या धक्क्यातच. शहराच्या कुशीतून जाणारा वासॅच प्रस्तरभंग ७ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप घडवू शकतो, आणि खरी कसोटी तेव्हाच लागेल. त्या वेळी इमारतीला सर्व बाजूंनी सरकण्यास वाव हवा. म्हणून तिच्याभोवतीचा मोकळा चर पुढील पिढ्यांनी पायऱ्या, फरसबंदी किंवा ताठ नळ घालून बुजवू नये, ही देखभाल आधारांइतकीच महत्त्वाची आहे. ज्या मंदिराची तुतारी पडली, त्याच्या पायाखाली असेच विलगीकरण करण्याचे काम त्या भूकंपापूर्वी नुकतेच हाती घेण्यात आले होते.