रायमुनियाचा रंग कोणता?

सांगा बरं पोट्टेहो, रायमुनियाच्या फुलाचा रंग कोणता? तेच ते काटेरी झुडूप, आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सवर, गोरेवाड्याच्या वाटेवर, जिथे मोकळी जागा मिळेल तिथे माजलेलं. पुस्तकात त्याला घाणेरी म्हणतात. एक जण म्हणेल पिवळा, दुसरा म्हणेल गुलाबी, तिसरा म्हणेल नारिंगी. भांडू नका, तिघंही बरोबर आहात!

एक गुच्छ जवळून पाहा. त्यातली फुलं कडेकडून आत उमलत जातात. म्हणजे कडेची फुलं म्हातारी आणि मधली आजची. आजचं फूल पिवळं असतं आणि त्यात मध असतो. परागण झालं, की त्याचा रंग पालटू लागतो. मग कामातून गेलेली फुलं झाड टाकून का देत नाही? अहो, दुकानाची पाटी मोठी नको का? लांबून फुलपाखराला अख्खा गुच्छ दिसतो, जवळ आलं की ते पिवळ्या फुलातच सोंड घालतं. ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्युलर यांनी हे निरखून पाहिलं होतं : पहिल्या दिवशी पिवळं, दुसऱ्या दिवशी नारिंगी, तिसऱ्या दिवशी जांभळं आणि जांभळ्याला कोणीच शिवत नाही. त्यांची ही हकिगत 1877 मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात छापून आली. तिकडे ती पाठवली कोणी? खुद्द चार्ल्स डार्विन यांनी!

आता निव्वळ रंगावरून ओळखायला गेलात, तर या एका झुडपाला तीन नावं देऊन बसाल. त्यापेक्षा फांदी बघा : चौकोनी. पान चुरगळून हुंगा : उग्र वास. या खुणा सकाळी पिवळ्या आणि परवा गुलाबी होत नाहीत.

बरं, रंग सोडा. फूल एक आहे की अनेक, हे तरी सांगता येईल ना? मैदानाच्या कडेला कंबरमोडी शोधा, म्हणजे एकदांडी. लांब दांडी आणि टोकाला एकच छोटं, पिवळं-पांढरं फूल. ते फूल नाहीच, अख्खी वस्ती आहे! कडेची प्रत्येक फिकट पाकळी म्हणजे एकेक वेगळं फूल, टोकाला तीन दात असलेलं. मधल्या पिवळ्या ठिपक्यांतला प्रत्येक ठिपकाही एक फूल, इवल्याशा नळीसारखं. झेंडू आणि सूर्यफूल याच घराण्यातले. गाजरगवतसुद्धा! त्याची पानं गाजरासारखी चिरलेली असतात. त्याला मात्र लांबूनच ओळखा, कारण अंगाला लागलं तर काही जणांना जाम खाज सुटते.

तरोटा ओळखायला सोपा. त्याची कोवळी भाजी पावसाळ्यात बाजारात येते आणि घरोघरी शिजते. संयुक्त पानात पर्णिकांच्या तीन जोड्या, पिवळी फुलं, पुढे लांब बारीक शेंगा. पर्णिका रात्री मिटून झोपतात, हवं तर टॉर्च घेऊन बघा.

पण माझं लाडकं झाड केना. सोयाबीनच्या शेतात निंदण करणाऱ्यांना विचाराल तर ते कपाळावर हात मारतील, हे सांगून ठेवतो. त्याचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं. उशिरा उठणाऱ्यांनी केन्याचं फूल पाहिलेलंच नसतं! पानाच्या तळाशी खोडाला गुंडाळलेलं आवरण असतं, त्यावर तांबूस केस असतात. फूल मिटलं तरी ही खूण तिथेच राहते.

आणि खरी गंमत मातीखाली. केना जमिनीतही फुलतो! त्याच्या पांढुरक्या फांद्या मातीत शिरतात आणि तिथे बारीक कळ्या धरतात. त्या कधीच उमलत नाहीत. ना ऊन, ना वारा, ना माशी. बंद कळीतच परागकण तिथल्या तिथे आपलं काम करतात आणि बी तयार होतं. ढोरांनी वरचा केना चरून टाकला, तरी खालचं बी शाबूत.

नागपूर जिल्ह्यातल्या वनस्पतींवर एन. आर. उगेमुगे यांचा ग्रंथ आहे, 1986 सालचा. असल्या ग्रंथांत पान, देठ, पुंकेसर, फळ अशी झाडाची सगळी कुंडली मांडलेली असते. तुम्हीही मोबाइलवर फोटो काढताना नुसत्या फुलाचा काढू नका. पानाची मागची बाजू, देठ आणि शेंग असेल तर शेंग, हे सगळं घ्या.

तान्ह्या पोळ्याच्या सुमारास सगळीकडे केना माजलेला असतो. अंगणातलं एखादं रोप मातीसकट हळूच उपसून मुळाशी त्या पांढुरक्या फांद्या शोधा. बघून झालं की रोप ओल्या मातीवर टाकून येऊ नका. त्याच्या कांड्यांना पुन्हा मुळं फुटतात आणि मग आठवड्याभरानं आई निंदायला तुम्हालाच बसवेल.