गवताचं रान घट्ट झालंय? यंत्र लावण्याआधी एक पहार मारून बघा

रत्नागिरी : गवत कापणीच्या दिवसांत वाडीवाडीवर एक तक्रार ऐकू येते. रान तेवढंच आहे, पण भारे पहिल्यासारखे निघत नाहीत. मोबाईलवर परदेशातल्या कुरणांचे व्हिडीओ दिसतात. ट्रॅक्टरमागे काटेरी रूळ फिरतो, जमिनीला भोकं पडतात आणि गवत हिरवंगार होतं. साहजिकच प्रश्न येतो की आपल्या रानात असं काही केलं तर वैरण वाढेल का?

थोडक्यात उत्तर असं : सड्यावर आणि उताराच्या वरकस जमिनीवर बहुतेक ठिकाणी यंत्राचा खर्च वाया जातो. खोल मातीच्या तुकड्यात आणि नेपियरच्या ओळींत मात्र माती मोकळी केल्याचा फायदा होऊ शकतो. आपलं रान यातलं कुठलं, हे अर्ध्या तासात घरच्या घरी तपासता येतं.

माती घट्ट कशी होते?

चांगल्या मातीत कणांच्या मध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यातून हवा आणि पाणी खेळतं, मुळं खाली जातात. ओल्या मातीवर वजन पडलं की या पोकळ्या मिटतात. ट्रॅक्टरचं वजन रुंद चाकावर पसरतं, गाईचं सगळं वजन मात्र चार खुरांवर येतं. त्यामुळे खुराखालचा दाब चाकाएवढा किंवा त्याहून जास्तही असू शकतो. लहान चणीच्या कोकण कपिलेपेक्षा वजनदार संकरित गाय आणि म्हैस माती अधिक दाबतात.

खुरांचा परिणाम बहुतेक वरच्या चार ते सहा इंचांतच असतो. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबरमध्ये. या काळात गुरं एकाच जागी उभी राहिली तर बेड्याजवळची, पाण्याच्या जागेची आणि गोठ्यापुढची माती आधी दाबली जाते. बाकीचं रान बऱ्याचदा ठीक असतं.

आधी तपासणी, मग खर्च

पाऊस पडून दोन-तीन दिवस झाले की रानात पाच-सहा ठिकाणी या तीन गोष्टी करून पाहा.

1. सळई : बोटाएवढी जाड लोखंडी सळई हाताने दाबा. खण्ण आवाज येऊन अडली तर खाली जांभा आहे. तिथे कुठलंच यंत्र उपयोगाचं नाही. आवाज न होता दोन-चार इंचांवर अडली आणि जोर लावल्यावर पुढे गेली, तर माती दाबलेली असू शकते.

2. पहार किंवा कुदळ : फूटभर खड्डा घेऊन मातीचं ढेकूळ अख्खं उचला. मुळं सरळ खाली गेली असतील आणि माती हाताने फुटत असेल तर चिंता नाही. मुळं एका थरावर येऊन आडवी वळली असतील, माती पापुद्र्यासारखी सुटत असेल, तर थर घट्ट आहे.

3. पाणी : दोन्ही तोंडं कापलेला पत्र्याचा डबा दोन इंच जमिनीत रोवा, त्यात पाणी ओता आणि वेळ बघा. हाच प्रयोग गडग्याच्या आत, जिथे गुरं जात नाहीत तिथे करा. दोन्हीकडे पाणी सारख्याच वेळात मुरलं तर गवत कमी येण्याचं कारण दुसरंच आहे.

बऱ्याचदा कारण दुसरंच निघतं

जांभ्याची माती आम्लधर्मी असते. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं, त्यामुळे तो मुळांना मिळत नाही. जोराच्या पावसात बाकीची अन्नद्रव्यंही वाहून जातात. त्यात वणवा लागला की जमीन उघडी पडते आणि पहिल्या पावसात वरची माती ओढ्याला लागते. अशा रानाला भोकं पाडून काही मिळत नाही. शेणखत, माती परीक्षणानुसार चुना आणि स्फुरद, आणि मुळात गुरांपासून विश्रांती याचीच त्याला गरज असते.

ब्रिटन, न्यूझीलंडसारख्या कुरणांच्या देशांतही भोकं पाडण्याचे निकाल सारखे आलेले नाहीत. माती खरंच घट्ट असेल तिथे फायदा दिसतो. नसेल तिथे मुळं तुटल्यामुळे उत्पादन घटल्याचीही उदाहरणं आहेत.

कुठे काय वापरावं?

सडा : सड्यावर मातीचा थर काही इंचांचाच असतो. तिथे नांगर, टिलर, जेसीबी काहीही घालू नये. एकदा सुटलेली माती पावसात जाते आणि उरतो तो कातळ. दुसरी गोष्ट, जिल्ह्यातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे इथली शिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मातीखाली झाकलेली शिल्पं अजूनही असू शकतात. यंत्राचा एक फाळ ती कायमची पुसून टाकील.

उताराचं वरकस : टिलरने सगळी जमीन उकरू नये. बेड्याजवळ आणि पाण्याजवळ दाबलेल्या जागा पहारीने किंवा टिकावाने हातभर अंतरावर पोकळ कराव्यात. माती उलटवायची नाही, फक्त हलवायची. तिथेच शेणखत आणि स्टायलो किंवा दीनानाथ गवताचं बी टाकावं. काम ओळीने करायचं असेल तर ओळी उताराला आडव्या घ्याव्यात. उभ्या ओळी म्हणजे पाण्याला वाट करून देणं.

नेपियरचा मळा : इथे खर्च वसूल होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दर दीड-दोन महिन्यांनी कापणी, भाऱ्यांची वाहतूक आणि पायाखालची ये-जा यामुळे ओळींमधली माती बसते. कापणीनंतर दोन ओळींमध्ये पॉवर वीडर उथळ चालवावा, नाहीतर कुदळीने खांदणी करावी आणि लगेच खत द्यावं. ठोंबाच्या अगदी जवळ जाऊ नये. पावसाळ्यात पाणी साचत असेल तर आधी चर काढावा. पाणी तुंबलेलं असताना माती हलवून फायदा नाही.

भातखाचर : कापणीनंतर गुरं चरतात म्हणून खाचर खोल फोडण्याचा विचार करू नये. चिखलणीमुळे खाली बसलेला घट्ट थर भाताचं पाणी धरून ठेवतो. तो फुटला तर पुढच्या पावसात खाचरात पाणी ठरणार नाही.

यंत्र विकत घेण्याआधी

पॉवर टिलरचा रोटर उभं गवत उपटून टाकतो आणि वरची माती पीठ करतो. जुनं रान मोडून नव्याने लावायचं असेल तरच तो कामाचा. घाटावर उसाच्या काळ्या जमिनीत चालणारा सबसॉयलर मोठ्या ट्रॅक्टरला लागतो आणि खोल माती मागतो. आपल्या दगडी जमिनीत तो अडकतो, मोडतो. परदेशी काटेरी रुळाचीही तीच गत. लॉनसाठी मिळणारे खिळ्यांचे बूट चराईच्या रानाला निरुपयोगी आहेत.

भातासाठी, बागेसाठी वीडर किंवा टिलर लागणारच असेल तर महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करता येतो. पूर्वसंमती हातात येण्याआधी यंत्र खरेदी केलं तर अनुदान मिळत नाही, हे लक्षात ठेवावं. फक्त गवतासाठी मात्र यंत्र घेण्यापेक्षा भाड्याने आणणं बरं.

वेळ कधीची?

भर पावसात माती हलवली तर ती आणखी दाबली जाते. मे महिन्यात उकरली तर जूनच्या पहिल्या सरीत वाहून जाते. पाऊस ओसरल्यावर, माती ओलसर पण भुसभुशीत असताना काम करावं. चार इंचांखालची चिमूटभर माती तळहातावर वळा. सुतासारखी वळली तर थांबा. वळताना फुटली तर वेळ बरोबर आहे.

आधी एका गुंठ्यावर

सगळ्या रानावर पैसे घालण्यापूर्वी एका गुंठ्यात माती मोकळी करून शेणखत घाला. शेजारच्या गुंठ्यात माती न हलवता तेवढंच शेणखत घाला. तिसरा गुंठा तसाच सोडा. पुढच्या कापणीला तिन्हीचे भारे वेगळे वजन करा. पहिल्या दोन गुंठ्यांत फरक नसेल तर फायदा खताचा आहे, माती हलवण्याचा नाही. फरक असेल, तर वाढलेल्या भाऱ्यांची किंमत आणि मजुरी किंवा यंत्राचं भाडं समोरासमोर मांडा.

बिनखर्चाचा उपाय मात्र सगळ्यांना करता येतो. रानाचे चार भाग करा, गुरं एका भागात चारून बाकीच्यांना तीन-चार आठवडे विश्रांती द्या आणि धो-धो पावसाच्या दिवसांत गुरांना गोठ्यातच वैरण टाका. गवताची मुळं आणि गांडुळं वरची माती हळूहळू पुन्हा मोकळी करतात. त्यांच्या कामाला डिझेल लागत नाही.