कसाऱ्याचे लोहमार्ग-टोक आणि कापसाचे सोने

कल्याणहून कसाऱ्यास जाणारा लोहमार्ग त्याच्या निसर्गशोभेमुळे प्रवाशांच्या परिचयाचा आहे. आसनगावजवळ माहुलीचे सुळके दिसू लागतात. आटगाव व खर्डी मागे पडल्यावर सह्याद्रीची भिंत समोर येते. कसाऱ्यापुढील थळ घाटात ३७ फुटांस १ फूट अशी चढण असल्याने गाडीस मागून जादा इंजिने लावावी लागतात. परंतु या मार्गाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या उभारणीच्या कालक्रमात आहे.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि तिकडे माणसांची रीघ लागली. मुंबईत तशी धनलालसा १८६१ नंतर उसळली. तिचे निमित्त मात्र सोने नसून कापूस होता. अमेरिकेतील यादवी युद्धाने तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला व हिंदी कापसाचे भाव कडाडले. त्याच वर्षी, १८६१ मध्ये, लोहमार्ग शहापूर तालुक्यातील कसाऱ्यापर्यंत पोचला होता. घाटातील काम पूर्ण होऊन तो इगतपुरीस जोडला गेला १८६५ च्या जानेवारीत. म्हणजे तेजीची जवळजवळ सर्व वर्षे कसारा हेच या मार्गाचे टोक होते. खानदेशाकडून या वाटेने येणारा कापूस बैलगाड्यांतून घाट उतरे आणि येथे आगगाडीत चढे.

घाटमार्ग खुला झाला आणि अवघ्या तीन महिन्यांत, एप्रिलमध्ये, अमेरिकेतील युद्ध संपुष्टात आले. भाव कोसळले, जुलैमध्ये मुंबईचा शेअरबाजार गडगडला व प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्यही त्यात सापडले. कापसाच्या तेजीसाठी लोहमार्ग बांधला गेला, असा समज त्यामुळे टिकत नाही. त्याची आखणी तेजीपूर्वीची, व त्याची पूर्तता तेजीच्या अखेरची होय.

धनाच्या वाटेवर असणे आणि धनवान होणे यांतील हा भेद या परिसरास नवा नाही. मुरबाड तालुक्यातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा प्राकृत लेख आहे. त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या हजारो कार्षापणांची नोंद आढळते. घाटाखालच्या वस्तीविषयी त्यात काही नाही. कसाऱ्यासही हेच लागू पडते. लोहमार्गाचे टोक पुढे सरकले, तेव्हा मालाच्या चढउताराचे ठिकाणही त्याबरोबर गेले. अभ्याससहलीत या मार्गाने जाणाऱ्याने म्हणूनच स्थानकाचे नाव जितक्या लक्षपूर्वक वाचावे, तितक्याच लक्षपूर्वक तेथे लोहमार्ग पोचल्याचे वर्षही पाहावे.