संकासुर

संकासुर : दक्षिण कोकणातील दशावतारी खेळाच्या पूर्वरंगात येणारे राक्षसपात्र. ‘शंखासुर’ या नावाचे हे बोलीतील रूप होय. ब्रह्मदेवाचे वेद पळविणारा आणि अखेर विष्णूच्या हातून मारला जाणारा हा असुर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी या तालुक्यांत, तसेच गोव्यातील काल्यात पिढ्यान्‌पिढ्या रंगभूमीवर येत आला आहे. काळे कापड, तांबडी जीभ आणि नटाचा आवाज एवढ्याच सामग्रीवर उभा राहणारा हा राक्षस भय आणि हास्य एकाच वेळी उत्पन्न करतो. अल्प खर्चात काढलेल्या राक्षसपटांविषयी प्रेक्षकांना जी गोडी वाटते, तिचा एक जुना देशी नमुना म्हणून त्याच्याकडे पाहता येते.

पद्मपुराणातील कार्तिकमाहात्म्यात शंख हा सागराचा पुत्र असल्याचे सांगितले आहे. देवांना जिंकल्यावर तो वेदांच्या मागे लागला, तेव्हा विष्णूने मत्स्यरूप घेऊन त्याचा वध केला. भागवतात मात्र वेद चोरणाऱ्या असुराचे नाव हयग्रीव असे आहे. दशावतारी खेळाने यांपैकी शंखासुराची कथा स्वीकारली. या खेळास स्थानिक बोलीत ‘धयकालो’ म्हणतात. कार्तिक महिन्यापासून गावोगावच्या जत्रांतून तो रात्री होतो. पूर्वरंग अथवा आडदशावतार आणि उत्तररंग अथवा आख्यान असे त्याचे दोन भाग असतात. पूर्वरंगात सूत्रधार, गणपती व ऋद्धिसिद्धी, शारदा, ब्रह्मदेव इ. पात्रे येऊन गेल्यावर संकासुराचा प्रवेश होतो व त्याच्या निर्दालनासाठी विष्णू येतो. अठराव्या शतकात श्यामजी नाईक काळे यांनी हा खेळ कोकणात आणला, असे परंपरेने सांगितले जाते. त्यापूर्वीही तो येथे होता, असे मानणारे अभ्यासकही आहेत.

संकासुराचा वेश गावोगावी थोडाफार बदलतो. पण काळा रंग, चेहरा झाकणारा कापडी मुखवटा व लोंबती जीभ ही त्याची सर्वसाधारण ओळख होय. उत्तर रत्नागिरीतील शिमग्याच्या खेळांतही संकासुर असतो. तेथे काळा पोशाख, उंच टोकदार टोपी आणि कमरेचे घुंगरू यांवरून तो ओळखला जातो आणि मुले त्याच्यापुढे पळत सुटतात. दशावतारातील संकासुराचे वैशिष्ट्य त्याच्या भाषेत आहे. देव संस्कृतप्रचुर मराठी बोलतात, तर संकासुर मालवणी. सूत्रधाराशी त्याची जी जुगलबंदी चालते, तीत तो प्रश्नाचा विपर्यास करतो, शब्दांवर कोट्या करतो आणि गावातील ताज्या घडामोडींवर टोमणे मारतो. हे संवाद लिहून ठेवलेले नसतात. नट ते आयत्या वेळी रचतो. त्यामुळे वेद चोरणारा असुर प्रत्यक्षात प्रेक्षकांच्याच आळीतला माणूस होऊन बसतो.

हा परिणाम रंगमंचाच्या साधेपणावर अवलंबून आहे. देवळाचा सभामंडप किंवा पुढील अंगण, मागे एक पडदा, बाजूला हार्मोनियम, पखवाज आणि झांज, व मध्ये एक लाकडी बाकडे, एवढाच सरंजाम पूर्वापार पुरत आला आहे. तेच बाकडे कधी सिंहासन, कधी रथ, तर कधी पर्वत होते. नट आपली रंगभूषा आपणच करतात व पोशाख पेटाऱ्यांतून बरोबर नेतात. मुखवट्यामागचा नट कोण, हे बहुतेक प्रेक्षकांना ठाऊक असते. तरीही झांजांच्या गजरात काळी आकृती पुढे झेपावली, की पुढच्या रांगेतील मुले आईच्या कुशीत शिरतात आणि पाठोपाठ आलेल्या मालवणी वाक्याने सारा मंडप हसू लागतो. येथे कोणी कोणाला फसवीत नाही. नट अर्धा राक्षस उभा करतो व उरलेला अर्धा प्रेक्षक आपल्या कल्पनेने पुरा करतो. साधन जितके तोकडे, तितका प्रेक्षकाचा वाटा मोठा. आणि स्वतः घडविण्यास हातभार लावलेल्या राक्षसाविषयी आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे.

मराठी नाटकाच्या आरंभकाळातही राक्षसाला असेच स्थान होते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे सीतास्वयंवर सादर केल्यानंतर जी पौराणिक नाटके निघाली, त्यांत ‘राक्षसपार्टी’ आरोळ्या ठोकीत व तलवारी परजीत येई आणि राळ उडवून भडका केला जाई. त्या आरोळ्यांवरूनच अशा नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ हे थट्टेचे नाव मिळाले. चित्रपटाने हा वारसा लवकरच उचलला. दादासाहेब फाळके यांच्या कालिया मर्दन (१९१९) या मूकपटात त्यांची कन्या मंदाकिनी हिने कृष्णाची भूमिका केली. चित्रपटाच्या आरंभी तिच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव दाखविले आहेत आणि मगच ती कृष्णरूपात दिसते. म्हणजे आपण पाहतो ती एक अभिनय करणारी मुलगी आहे, हे आधी सांगून नंतर कालिया सर्पाशी झुंज दाखविलेली आहे. सांगितल्यामुळे झुंजीची गोडी कमी होत नाही, हे फाळके यांना उमगले होते.

परदेशी राक्षसपटांतही साधनांच्या मर्यादेतून नव्या युक्ती निघाल्या. अमेरिकन किंग काँग (१९३३) या चित्रपटात लहान प्रतिकृती किंचित किंचित हलवून एकेक चौकट टिपली होती. जपानमध्ये गोजिरा (१९५४) काढताना त्या पद्धतीला लागणारा वेळ परवडण्याजोगा नव्हता. म्हणून एइजी त्सुबुराया यांनी नटाला जड वेशात घालून छोट्या प्रतिकृतींच्या नगरातून चालविले. हा चित्रपट त्या देशाच्या मानाने खर्चिक होता. परंतु वेशातील माणसाची ही युक्ती पुढील असंख्य स्वस्त चित्रपटांनी उचलली. काटकसरीचे टोक म्हणजे रोबॉट मॉन्स्टर (१९५३) : त्यातील परग्रहवासी म्हणजे गोरिलाच्या वेशावर पाणबुड्याच्या टोपासारखे शिरस्त्राण घातलेला नट होय. भारतात रामसे कुटुंबाच्या एक नन्ही मुन्नी लडकी थी (१९७०) या चित्रपटाला यश आले नाही. पण त्यातील मुखवटाधारी चोराच्या प्रसंगाने प्रेक्षक थरारतात, असे आढळल्यावर रामसे बंधू भयपटांकडे वळले. दो गज जमीन के नीचे (१९७२) हा चित्रपट त्यांनी महाबळेश्वर येथे मोजक्या माणसांनिशी चित्रित केला. पुराना मंदिर (१९८४) मधील ‘सामरी’ या राक्षसाचा दरारा बव्हंशी नट अजय अगरवाल यांची उंची व चेहरेपट्टी यांवर उभा होता.

या सर्व प्रकारांची गोडी मात्र एकाच जातीची नाही. अमेरिकन लेखिका सूझन साँटॅग यांनी १९६४ मधील आपल्या निबंधात कृत्रिमता व अतिरेक यांत रमणाऱ्या अभिरुचीला ‘कँप’ म्हटले आणि तिचे अजाणता घडलेली व जाणूनबुजून घडविलेली असे दोन प्रकार मानले. रोबॉट मॉन्स्टर पहिल्या प्रकारात मोडतो. तेथे कर्त्याला भीती उत्पन्न करावयाची होती आणि पाहणाऱ्याला हसू आले. त्या हसण्यात कर्त्याविषयी काहीशी तुच्छताही असू शकते. पुढे असे हसू मिळविण्यासाठीच मुद्दाम ओबडधोबड राक्षस दाखविणारे चित्रपट निघाले. तो दुसरा प्रकार. संकासुर या दोहोंत बसत नाही. तो चुकून हास्यास्पद झालेला नाही आणि कोणाच्या चुकीची नक्कलही करीत नाही. भय व हास्य ही दोन्ही त्याची ठरलेली कामे आहेत. शिवाय हसणारा प्रेक्षक नटाला हसत नसून नटाबरोबर हसत असतो. गंगाराम गवाणकर यांच्या व मच्छिंद्र कांबळी यांनी १९८० पासून गाजविलेल्या वस्त्रहरण या मालवणी नाटकात गावकऱ्यांच्या पौराणिक नाट्यप्रयोगाची उडालेली त्रेधा दाखविली आहे. त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. तेथील हसूही याच कुळातील असून त्यात फजितीइतकाच जिव्हाळा आहे.

अलीकडे दशावतारात मोठे बदल झाले आहेत. विजेचे रंगीत दिवे, ध्वनिवर्धक, धूर, हलणारे सर्प आदींचा वापर करणाऱ्या प्रयोगांची ‘ट्रिकसीनयुक्त नाटक’ अशी जाहिरात केली जाते व त्यांस गर्दीही होते. या युक्त्या बहुधा मंडळींनी स्वतः खपून केलेल्या असतात. त्यांच्यातही जुन्याच काटकसरी कल्पकतेचा प्रत्यय येतो, म्हणून त्यांना सरसकट परके ठरविणे योग्य नाही. २०२५ मध्ये दशावतार या मराठी चित्रपटाने ही कला मोठ्या पडद्यावर नेली. परंतु आख्यान लवकर सुरू व्हावे म्हणून पूर्वरंग आटोपता घेण्याची, प्रसंगी संकासुराचा प्रवेश गाळण्याची प्रवृत्ती वाढली आहे. आख्यानातील राक्षस अधिकाधिक सजत असताना पूर्वरंगातील हा राक्षस मागे पडत आहे. त्याच्या अभावी केवळ एक पात्र कमी होते असे नाही. पुढे रात्रभर बाकड्याला पर्वत मानावयाचे आहे, हा नट व प्रेक्षक यांच्यातील करार हसतखेळत पक्का होतो तो याच प्रवेशात. संकासुर टिकविण्यास द्रव्य फारसे लागत नाही. त्याला घटकाभर वेळ, मालवणीत हजरजबाबी बोलणारा नट आणि त्याला उलट उत्तर देण्यास उत्सुक असा प्रेक्षक लागतो.