प्रार्थना करूनही राग जात नाही, तेव्हा

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही किंवा बसमध्ये इअरफोन नसतात, त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतेय. बोललेलं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.

मागच्या आठवड्यात एका मुलाची व्हॉइस नोट आली. म्हणाला, "ताई, मी रोज प्रार्थना करतो, देवा माझा राग काढून टाक म्हणतो. उठतो आणि तासाभरात घरात भांडण. माझा विश्वास कमी आहे का?"

नाही रे. मला वाटतं, मागणंच थोडं चुकतंय. आपल्याला लहानपणापासून संडे स्कूलमध्ये शिकवलेलं असतं की राग म्हणजे पाप. मग राग आला की आपण तो देवापासूनही लपवतो, आणि प्रार्थनेला बसलो की आवाज एकदम गोड. आतमध्ये मात्र कुकरची शिट्टी व्हायची बाकी.

पौलाचं इफिसकरांना लिहिलेलं पत्र काढा, चौथा अध्याय. तिथे रागावूच नका असं तो म्हणत नाही. राग आला तरी त्यातून पाप घडू देऊ नका आणि सूर्य मावळायच्या आत तो आवरा, असं सांगतो. म्हणजे राग येणार हे त्याने धरलेलंच आहे. त्याने फक्त मुदत घालून दिलीय. खुद्द येशूबद्दलही मार्कच्या तिसऱ्या अध्यायात लिहिलंय. शब्बाथाच्या दिवशी हात वाळलेला माणूस समोर आहे, आणि लोक टपून बसलेत की हा आज त्याला बरं करतो का, म्हणजे दोष लावता येईल. येशू रागाने सगळ्यांकडे पाहतो आणि त्यांची मनं इतकी कठीण झालेली बघून दुःखीही होतो. राग आणि दुःख एकत्र. पुढच्याच क्षणी तो त्या माणसाला हात पुढे करायला सांगतो. रागातून जे घडलं ते काय? एकाचा हात बरा झाला.

आता प्रार्थनेकडे येऊ. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. आपण २३वं पाठ करतो, कारण ते छान आहे. १०९वं कोणी पाठ करतं का? त्यात शत्रूचं वाटोळं व्हावं म्हणून चक्क मागण्या आहेत. १३७व्याचा शेवट तर उपासनेत मोठ्याने वाचायला जीभ वळत नाही. मग हे पवित्र शास्त्रात ठेवलं कशाला? मी यावर बराच विचार केलाय. मला दिसतं ते असं, की ती माणसं शत्रूच्या दारात दगड घेऊन गेली नाहीत, देवासमोर गेली. सूड घ्यायचा अधिकार त्याच्या हातात दिला आणि आपण बोलून मोकळी झाली. १३वं स्तोत्र वाचा, सहाच वचनांचं आहे. सुरुवातीलाच चार वेळा देवाला विचारलंय की अजून किती काळ. शेवटी सूर बदलतो, पण तक्रार पूर्ण झाल्यावर.

म्हणून त्या मुलाला मी सांगितलं, उद्या "राग काढून टाक" म्हणू नकोस. कोणाचा राग आलाय, तो काय बोलला, तुला कुठे लागलं, ते सगळं नावानिशी सांग. मोठ्याने सांग. घरात जागा नसेल तर गच्चीवर जा, किंवा नोट्समध्ये लिही आणि नंतर डिलीट कर.

आणि मग गप्प बस. हे दुसरं पाऊल लोक विसरतात. बायबलमध्ये रागावलेल्या माणसाला देव "शांत हो" असं म्हणताना फारसा दिसत नाही, तो प्रश्न विचारतो. काइनाने भावाला मारायच्या आधी देव त्याला विचारतो, तू का संतापलास? योना तर निनवे वाचलं म्हणून चिडतो, चिडूनच प्रार्थना करतो, आणि देव विचारतो, तुझं हे रागावणं बरोबर आहे का? काइनाने उत्तरच दिलं नाही. योना निदान भांडला. मला योना आवडतो, खरं सांगू तर.

हा प्रश्न स्वतःला विचारला की बऱ्याचदा कळतं, राग आईवर नाहीच. राग ऑफिसमधल्या अपमानाचा आहे, आई फक्त समोर होती.

पण कधी उत्तर येतं, हो, बरोबर आहे. मग काय? नहेम्याचा पाचवा अध्याय बघा. लोक शेतं, द्राक्षमळे गहाण टाकताहेत, पोरंबाळं गुलामीत देताहेत, आणि व्याज घेणारे त्यांचेच भाऊबंद. आपल्याकडच्या सावकारीची आठवण येते. नहेम्या फार संतापतो. आधी मनाशी विचार करतो, मग त्या बड्या लोकांना तोंडावर सुनावतो, सभा भरवतो आणि शेतं परत करायला लावतो. इथे क्षमा म्हणजे गप्प बसणं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण घरात मारहाण होतेय आणि "प्रार्थना कर, सहन कर" असा सल्ला मिळतोय, अशा मुली मला मेसेज करतात. आधी सुरक्षित जागी जा, विश्वासाच्या माणसाला सांगा, पोलिसांकडे जायची वेळ असेल तर जा. क्षमेचं नंतर बघू, देवाला घाई नाही.

बाकी स्वभाव एका रात्रीत बदलत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. एवढा मोठा ख्रिस्ती कवी, पण तापटपणा त्यांच्याबरोबर पुढेही आला. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये तो जराही लपवला नाही, उलट हसत हसत लिहिलाय. नसेल वाचलं तर नक्की वाचा.

आणखी एक जुना उपाय. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस नावाचा संन्यासी राहत होता. रागावर त्याने बरंच लिहिलंय. स्तोत्रं गा, धीर धर, दया कर, हे तर तो सांगतोच. शिवाय म्हणतो, ज्याच्याशी बिनसलंय त्याला काहीतरी भेट दे. फार साधं वाटतं ना? पण भावाशी अबोला असताना त्याच्यासाठी वडापाव घेऊन जाऊन बघा. पहिले दोन शब्द आपोआप बोलावे लागतात, निदान "चटणी हवी का" एवढे तरी.

त्या मुलाचं पुढे काय झालं, त्याने अजून कळवलेलं नाही. तुमच्या व्हॉइस नोट पाठवत राहा, दोन मिनिटांच्या आत ठेवा. पुढच्या भागात अबोल्याबद्दल बोलू, कारण काही घरांत राग ओरडत नाही, तो जेवणाच्या ताटासमोर गप्प बसतो.