जालमानकांतील सक्तीचे अधिप्रमाणन आणि पेटंटचा प्रश्न

संगणकजालावरील दोन यंत्रांनी संवादापूर्वी परस्परांची ओळख पटवून घेणे, यास अधिप्रमाणन म्हणतात. निरनिराळ्या उत्पादकांची यंत्रे एकत्र चालावीत म्हणून मानकात किमान एक अधिप्रमाणन पद्धती सर्वांवर बंधनकारक करावी लागते. नेमकी तीच पद्धती पेटंटने बद्ध असेल, तर मानक पाळणाऱ्या प्रत्येकास पेटंटधारकाच्या दारी जावे लागते.

आय-स्कझी या मानकाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. दूरस्थ साठवण-चकती नेहमीच्या इंटरनेट जालावरून वापरता यावी, हा त्याचा हेतू. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सच्या आरंभीच्या मसुद्यांत एसआरपी ही पद्धती सक्तीची होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील थॉमस वू यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत चोरून ऐकणाऱ्यास पुढे निवांत बसून संकेतशब्द ताडता येत नाही. स्टॅनफर्डने आपल्या पेटंटचा परवाना विनामूल्य देऊ केला होता. अडचण अन्यत्र होती. ल्युसेंट व फिनिक्स या कंपन्यांकडील जुन्या, तत्सम पद्धतींच्या पेटंटांची व्याप्ती एसआरपीपर्यंत पोहोचते काय, ही शंका फिटेना. अखेर एप्रिल २००४ च्या आरएफसी ३७२० मध्ये सक्ती झाली ती चॅप या साध्या, जुन्या पद्धतीची. एसआरपी ऐच्छिक उरली.

चॅपमध्ये आव्हान व उत्तर दोन्ही उघडपणे जातात. ती टिपून घेणाऱ्यास शब्दकोशातील एकेक शब्द पडताळून पाहता येतो. म्हणूनच जालस्तरीय कूटलेखन नसेल, तर गुपित किमान ९६ बिटांचे असावे, अशी अट मानकात घालावी लागली. संस्थेचे नाव व स्थापनावर्ष जोडून संकेतशब्द ठेवण्याची आपल्या प्रयोगशाळांची सवय पाहता ही अट कितपत पाळली जात असेल, हे सांगणे न लगे! विधिविषयक शंकेचे मोल येथे सुरक्षिततेने मोजले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि न्यायालयात काहीही सिद्ध न होता केवळ शंकेने हे घडले.

पुढे २००५ च्या आरएफसी ३९७९ मध्ये हे सूत्र नोंदले गेले: सक्तीच्या सुरक्षा-तंत्रावर ज्ञात पेटंट-दावा नसावा, असल्यास ते स्वामित्वशुल्काविना उपलब्ध असावे, अपवाद सबळ कारणानेच. ल्युसेंटकडील पेटंटची मुदत २०११ मध्ये संपली. तरीही २०१४ च्या सुधारित मानकात चॅपच सक्तीची राहिली, कारण तोवर यंत्रे तीवरच उभी होती.

भारतीय पेटंट अधिनियमाचे कलम ३(के) गणिती पद्धती, अल्गोरिदम व निव्वळ संगणक-आज्ञावलीस पेटंट नाकारते. परंतु अमेरिकेत माल विकणाऱ्या भारतीय उत्पादकास ते तेथे संरक्षण देत नाही. देशांतर्गत पातळीवर नोव्हेंबर २०१० चे ई-प्रशासनासाठीचे खुले मानक धोरण अधिक थेट बोलते: निवडलेल्या मानकास आवश्यक पेटंट मानकाच्या संपूर्ण आयुष्यभर स्वामित्वशुल्काविना मिळावीत. त्यापूर्वी काही आठवडेच, २९ सप्टेंबर २०१० रोजी, आपल्याच नाशिक विभागातील नंदुरबार जिल्ह्यात टेंभली येथे आधार क्रमांकांच्या वाटपास आरंभ झाला होता. कोट्यवधींची ओळख पटवणाऱ्या अशा व्यवस्थेत दर पडताळणी-यंत्रामागे परवान्याचे शुल्क द्यावे लागले असते, तर तो भार अखेर सार्वजनिक निधीवरच पडला असता.