थंडींतील डोंगरयात्रा व अंगावरचीं वस्त्रें

डिसेंबर उजाडला कीं आपल्याकडील तरुण मंडळींचे पाय हिमालयाकडे वळूं लागतात, आणि घरोघरीं कपाटांतला जाड स्वेटर बाहेर निघतो. 'स्वेटर एकच असावा, पण भक्कम असावा' असा वडीलधाऱ्या माणसांचा आग्रह असतो. आम्हीही त्याच मताचे होतों. तें मत कसें बदललें, तें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

उत्तराखंडांतील केदारकंठ हें शिखर सुमारें ३,८०० मीटर उंच आहे. कांहीं वर्षांपूर्वीं ऐन हिवाळ्यांत आम्ही तें चढावयास गेलों, तेव्हां अंगांत सुती गंजीफ्रॉक, त्यावर सुती सदरा आणि त्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं विणलेला लोकरीचा जाड स्वेटर, असा सरंजाम होता. पहांटे थंडी मी म्हणत होती, म्हणून सर्व कांहीं अंगावर ठेवूनच चढूं लागलों. अर्ध्या तासांत गंजीफ्रॉक घामानें चिंब झाला. तरी स्वेटर उतरविला नाहीं. पाठीवरचें ओझें सोडण्याचा आळस! माथ्याखालच्या उघड्या धारेवर दम खावयास टेकलों मात्र, आणि वारा सुटला. थोड्याच वेळांत दांतावर दांत वाजूं लागले, सदऱ्याची गुंडी बोटांना सुटेना, आणि बरोबरच्या भाच्यानें कांहीं विचारलें त्याचें उत्तर देतांना जीभ अडखळूं लागली. वाटाड्या त्याच मुलुखांतला, विशी-पंचविशींतला पोरगा. त्यानें एक शब्दही न बोलतां आम्हांस खडकाच्या आडोशाला नेलें, ओले कपडे उतरविले आणि भाच्याच्या पिशवींतील कोरडे कपडे अंगावर चढविले. माथा न पाहतांच परतलों.

शरीराची उष्णता ३५ अंश सेल्सिअसच्या खालीं उतरली म्हणजे डॉक्टर तिला हायपोथर्मिया म्हणतात, आणि निकामी बोटें व अडखळती जीभ हीं तिच्या आगमनाचीं चिन्हें होत. तिला बर्फच लागतें असें नाहीं. अंग ओलें आणि वारा वाहता, एवढ्यानेंही भागतें.

वस्तुतः कपडा ऊब उत्पन्न करीत नाहीं. ऊब शरीराची, कपड्यांत कोंडलेली हवा ती राखते. त्या हवेची जागा पाण्यानें घेतली कीं सारें उलटें होतें, कारण पाणी हवेच्या सुमारें पंचवीस पट वेगानें उष्णता वाहून नेतें. सूत घाम पितें आणि लवकर सोडीत नाहीं. म्हणून अंगालगतचा कपडा पातळ लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा असावा, सुती नकोच. त्यावर हवा कोंडणारा, लोकरीचा अथवा फ्लीसचा. आणि सर्वांवर वारा व पाऊस अडविणारें पातळ जाकीट. पिसांचा कोट विश्रांतीच्या वेळीं फार सुखाचा, परंतु तो भिजला कीं पिसें गोळा होऊन त्याची ऊब जाते, म्हणून चालतांना तो पिशवींतच बरा.

यांत नवें फारसें नाहीं. १९२४ सालीं एव्हरेस्टवर गेलेल्या जॉर्ज मॅलरीचा देह १९९९ सालीं सांपडला, तेव्हां त्याच्या अंगावर रेशीम, सूत व लोकर यांचे अनेक पातळ थर आणि वरून गॅबर्डिनचें कापड आढळलें. तत्पूर्वीं, १९२२ च्या मोहिमेंत जॉर्ज फिंच यानें पिसें भरलेला कोट शिवून नेला, तेव्हां सोबत्यांनीं त्याची थट्टा केली होती. आज पिसांच्या कोटावांचून तेथें कोणी पाऊल ठेवीत नाहीं. आमच्या आजीच्या सोवळ्याच्या खुंटीवरही धाबळी आणि मुकटा, म्हणजे लोकर आणि रेशीमच असे. कारण अर्थात् निराळें होतें!

थर पाहिजेत ते मुख्यतः काढण्यासाठीं, हें मात्र आम्हांस फार उशिरां उमगलें. निघतांना किंचित् थंडी वाजली पाहिजे. न वाजली तर पाव तासांत घाम खास येणार. घाम फुटण्यापूर्वींच मधला थर उतरावा, आणि थांबतांक्षणींच, अंग गार होण्याची वाट न पाहतां, पुन्हा चढवावा. रात्रीं निजण्याकरितां एक कोरडा जोड वेगळा बांधून ठेवावा, आणि कितीही मोह झाला तरी चालतांना त्यास हात लावूं नये. पायमोजे दोन-दोन चढवून बूट घट्ट करणें हीही चूकच. रक्त फिरेनासें झालें कीं बोटें अधिकच गारठतात.

दर हजार मीटर उंचीस उष्णतामान साधारणतः साडेसहा अंशांनीं उतरतें. तेव्हां १,६४६ मीटरच्या कळसूबाईस हिमालयाचा सरंजाम नको. पॉलिएस्टरचा सदरा, एक स्वेटर व वाराबंद जाकीट पुरे. पण तेथेंही पहांटे माथ्यावरचा वारा सुती सदऱ्यास जुमानीत नाहीं.

सौभाग्यवतींचा स्वेटर आम्हीं टाकलेला नाहीं. यंदा केदारकंठास पुन्हा जावयाचें ठरलें आहे, आणि तो मधल्या थराच्या मानानें पिशवींत बसला आहे. गंजीफ्रॉक तेवढा घरीं राहील.